माझ्या मापाची गाडी

“मेला! मेला! सर, बाजूला व्हा, हा मेला!”

शेडच्या दारातून मी पाऊल आत टाकतो न टाकतो, तोच एका पोरीनं माझ्या कानाशी अशी आरोळी ठोकली की तिकडं लेण्यांमधली वटवाघळं जागी झाली असतील. तिच्या हातात स्टॉपवॉच होतं. समोर बुटक्या रेसच्या गाडीत हेल्मेट घातलेला एक पोरगा पट्ट्यांमध्ये अडकून तडफडत होता. एक पाय बाहेर, एक आत, आणि उपसलेलं स्टिअरिंग काखेत. त्याला वाचवायला कुणी धावेना. उलट बाकीची सगळी टाळ्या पिटून नाचत होती, “तेरावं! तेरावं! तेरावं!”

घाबरण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजच्या पोरांनी बनवलेली फॉर्म्युला गाडी स्पर्धेत उतरवायची तर प्रत्येक ड्रायव्हरला आधी एक परीक्षा द्यावी लागते. गाडीला आग लागली असं धरायचं, आणि पाच सेकंदांत पट्टे सोडून, स्टिअरिंग उपसून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहायचं. पाच सेकंद उलटले की मेला. आणि जो मेला त्यानं त्याच दिवशी गेटवरच्या गाड्यावर अख्ख्या टीमला पोहे-जिलबी खाऊ घालायची. म्हणजे स्वतःच्या तेराव्याचं जेवण स्वतःच्या हातानं वाढायचं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात ही रीत नाही. ती आमची. ती मी सुरू केली. म्हणजे, पहिला मेलो तो मीच.

या पोरांना ते कुठून ठाऊक असणार! त्यांच्या मते ही रीत पांडवांपासून चालत आलेली. मी वाळूजला एका पंपांच्या कारखान्यात नोकरी करतो, आणि त्या दिवशी कॉलेजनं मला पंपांवर चार शब्द बोलायला बोलावलं होतं. बोललो. आधी पहिली रांग झोपली, मग दुसरी, आणखी थोडं बोललो असतो तर माईकनंही मान टाकली असती. चहा घेऊन निघालो, तर डोकं पार्किंगकडं चाललेलं आणि पाय मागच्या पत्र्याच्या शेडकडं. पायांनी ऐकलं नाही.

आमच्या वेळी या शेडला स्वतःचा वास होता आणि तो घरापर्यंत पाठलाग करायचा. लेथवर ओतायचं दुधासारखं पांढरं पाणी, पेट्रोल, तापलेल्या लोखंडाचा जिभेवर येणारा आंबटपणा, आणि होळीनंतर कूलरच्या वाळ्याचा ओला गारवा. आई मला अंगणातच कपडे बदलायला लावायची. आमच्या गल्लीतलं कुत्रं मला पाहून नव्हे, हुंगून वाट सोडायचं. आताच्या शेडला कसलाच वास नाही. यांची गाडी बॅटरीवरची. सुरू केली तर कानाशी डास आल्यासारखं वाजतं, बस. फरशी इतकी चकचकीत की तिच्यावर पंगत वाढावी. मला त्या पोरांचा हळूहळू राग यायला लागला. एवढी स्वच्छता, एवढी सोय, आणि वर सगळ्यांच्या डोक्यावर अजून केस.

मग मी मान वर केली.

भिंतीवर, लोखंडी अँगलवर, आमची गाडी टांगलेली होती. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात वाघाचं मुंडकं असतं तशी. पुढचं नाक गेलेलं, रंग उडून जखमा दिसणारा सांगाडा, आणि ती चारी गुळगुळीत चाकं. खाली एक फोटो. त्यात नसरीन हेल्मेट बगलेत धरून हसतेय, आणि फोटोच्या कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा आहे. तो खांदा माझा.

टीम मोठी होती, पण सांगायला तिघं पुरेत. कॅप्टन माधव, लासूर स्टेशनचा. वडिलांची तिथं आडत. लिलावाचा आरडाओरडा ऐकत वाढल्यामुळं घरातलं सगळं बोलणं याच्या वाट्याला यायच्या आधीच संपलेलं असावं. तो दिवसाला सात-आठ शब्द बोलायचा आणि त्यातले निम्मे ‘नाय’ असायचे. नसरीन सिल्लोडची. ब्रेक तिच्याकडं. अंगानं काडी, जिभेनं करवत. आणि तिसरा मी. स्टिअरिंग आणि पुढची चाकं माझ्याकडं, आणि झालंच तर सगळ्यांना सल्ले. मला मामा म्हणायचे. कुणाचा मामा, ते कुणी विचारलं नाही.

खंडेनवमीला गाडी म्हणजे नुसता नळ्यांचा पिंजरा होता. तरी आम्ही तिला झेंडू घातला, कुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवायला चाकंच नव्हती, म्हणून जिथं चाकं येणार होती तिथं फरशीवर चार लिंबं मांडली आणि नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी ती लिंबं कुणीतरी पोह्यांवर पिळली. थंडीत माधव लासूरहून हुरडा आणायचा. गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, आणि लॅपटॉपवर फिरणारं आमच्या गाडीचं चित्र. त्या लॅपटॉपच्या कीबोर्डात इतका हुरडा गेला की पुढं पेरला असता तर उगवला असता. ईदला नसरीन घरून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. चमचे नव्हते. आम्ही नट आवळायचे पाने धुतले आणि पान्यांनी खाल्ला. मोठ्या पान्याच्या खाचेत खजूर कसा नेमका बसतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं इंजिनिअरिंग वाया घालवलं.

त्याच थंडीत एका दुपारी माधव टेप घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“मामा, बस.”

“कामून?”

“तू सगळ्यात उंच. तुझं माप घेतो. मोठा बसला की लहान्याला उशी लावता येते.”

एका दमात त्यानं दोन दिवसांचे शब्द खर्च केले. आणि मग त्यानं माझं माप घेतलं. गुडघा, कोपर, खांदा, टाच ते पंजा, बसल्यावर डोक्याची उंची. पुढं लग्नात शेरवानीचं मापही कुणी इतक्या मायेनं घेतलं नाही. माझ्या गुडघ्यासाठी स्टिअरिंग वर सरकलं. माझ्या टाचेसाठी पेडल पुढं गेलं. माझं डोकं वाचावं म्हणून मागची कमान उंच झाली. सांगाडा वाढत गेला तो माझ्याभोवती, अंगावर मांस चढावं तसा. रस्त्यानं जाताना मी दुकानांच्या काचेत पाहायचो आणि मला माझ्या अंगाभोवती गाडी दिसायची. शहागंजात रेक्झिन आणायला गेलो तर गर्दीत मी खांदे वळवून, पाय लांब करून असा चालायचो की मागचा हातगाडीवाला म्हणाला, “भाई, चल रहे हो के बैठ रहे हो?”

आणि मग सीटचा दिवस.

फॉर्म्युला गाडीचं सीट दुकानात मिळत नाही. दोन बाटल्यांतले द्रव एकत्र ओतायचे, ते मोठ्या काळ्या पिशवीत भरून गाडीत ठेवायचे, आणि ड्रायव्हरनं त्यावर बसायचं. आत फेस फुगत जातो, अंगाच्या प्रत्येक खाचेत शिरतो आणि घट्ट होतो. उठलं की खाली आपला साचा. वास असा, की नव्या चपला कच्च्या केळ्यांत उकडल्या असाव्यात. पाठीमागून हळूहळू ऊब चढायला लागली. शेडमध्ये सगळे गप्प, आरतीनंतरच्या शांततेसारखे. एक माशी माझ्या नाकावर बसली. तिनं तिथं फेऱ्या मारल्या, हातपाय धुतले, बहुधा जागेचं भूमिपूजनही केलं.

“हिलू नको मामा,” नसरीन माझ्या तोंडाशी वाकून म्हणाली. “श्वास भी आधा ले.”

“माशी हाकल ना.”

“नक्को. वो भी टीम में है.”

उठलो आणि मागं पाहिलं. तिथं मी होतो. माझे दोन्ही खांदे, पाठीचा खोलगट पाट, मांड्या. आणि उजव्या बाजूला, खिशाच्या जागी, बारीक-बारीक समांतर रेघांचा एक पट्टा. मागच्या खिशात मी कंगवा विसरलो होतो. त्याचे दात सीटमध्ये कायमचे उमटले. माधवनं पाहिलं, आणि त्याच्याकडचा ‘नाय’ही बाहेर आला नाही. पुन्हा करायला दुसरी बाटली नव्हती.

इथपर्यंत गाडी माझी होती. मग पाच सेकंदांची तालीम सुरू झाली, आणि मी मरायला लागलो.

पट्टे सुटायचे, स्टिअरिंग निघायचं, आणि मग माझे गुडघे स्टिअरिंगपुढच्या कमानीखाली असे अडकायचे की सांगाडा माझ्यासकट उचलला जाईल. “मेला!” सकाळी मेलो, जेवणानंतर मेलो, गणपतीच्या नावानं सुरुवात करून मेलो. माझ्या तेराव्यांवर गेटवरच्या जिलबीवाल्यानं घरावर मजला चढवला, पोराचं लग्न केलं. आणि नसरीन? ती त्या गाडीतून बाहेर पडायची नाही, उडायची. आत्ता आहे, आत्ता नाही. टाळी वाजवावी आणि टाळीच्या आवाजाआधी माणूस उभा. तिच्या हातची जिलबी आम्हाला कधी मिळालीच नाही, कारण ती कधी मेलीच नाही.

“कसं करतेस गं?”

“कुछ नै मामा. तू बाहर निघतो. मी आत राहतच नै.”

माझ्या साच्यात ती वाटीत वाटाणा पडावा तशी हलायची. म्हणून तिच्या अम्मीनं सिल्लोडच्या कापसाची उशी भरून पाठवली, आणि वरून आगीला दाद न देणारं कापड शिवलं. उशी पाठीमागं सारली की नसरीन नेमकी बसायची. ‘मोठा बसला की लहान्याला उशी.’ माधवचं म्हणणं शब्दशः खरं झालं होतं आणि ते माझ्या पोटात दुखत होतं. मला नसरीनचा हेवा वाटायचा हे कबूल, पण रात्री अंथरुणावर पडलो की डोळ्यांसमोर यायची ती उशी. तिला ना पेडल कळत होतं, ना स्टिअरिंग. पण माझ्या पाठीच्या जागी, माझ्या खांद्यांच्या खळग्यात, आरामात टेकून बसली होती ती.

आमच्या ग्राउंडवर गाडी पहिल्यांदा धावली ती ट्रकवर चढवायच्या आदल्या दिवशी. एकच चक्कर मारायला वेळ होता. इंजिन मोटारसायकलचं, पण नियमानं त्याला अंगठ्याएवढ्या भोकातून श्वास घ्यायचा, त्यामुळं ते दमेकऱ्यासारखं ओरडायचं. तो आवाज निघाला आणि होस्टेलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. चक्कर नसरीननं मारली. मी त्या दिवशी सकाळी मेलेलो होतो, आणि कॅप्टनच्या मते मेलेला माणूस गाडी चालवत नाही.

स्पर्धा खाली दक्षिणेत, नारळांच्या मुलखात. तिथल्या परीक्षकांसमोर मी पाच सेकंदांत बाहेर आलो. कसा आलो, मला माहीत नाही. उजव्या नडगीची सालटी गाडीतच राहिली. माधवनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि नाव लिहून दिलं. शेवटच्या लांब शर्यतीत दोन ड्रायव्हर लागतात. अर्धी एकानं पळवायची, मग गाडी थांबवून दुसऱ्यानं बसायचं. पहिली नसरीन, दुसरा मी.

त्याआधी गाडीला एक विचित्र परीक्षा द्यावी लागते. तिला मोठ्या पाटावर ठेवून कुशीवर कलवतात, कुठून तेल-पेट्रोल गळतं का ते बघायला. आणि त्या वेळी आत बसवायचा कोण, तर टीममधला सगळ्यात उंच ड्रायव्हर. मान माझा. पट्ट्यांमध्ये आवळून मला बसवलं आणि पाट उचलायला सुरुवात केली. क्षितिज उभं राहिलं. नारळाची झाडं आडवी झाली. मी हेल्मेटमध्ये कडेला लटकतोय, सगळं रक्त एका कानात, आणि खाली नसरीन बिस्किटाचा पुडा घेऊन उभी.

“कैसा लग रहा मामा?”

“लई भारी,” मी ओरडलो. “वळणावर आहे असं वाटतंय!”

खरंच वाटत होतं. डोळे मिटले तर मी एका न संपणाऱ्या वळणावर होतो, जगातल्या सगळ्यात लांब वळणावर. एक थेंब गळला नाही. खाली उतरवलं तेव्हा मला वाईट वाटलं.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं होतं की डांबरावर पापड भाजावा. मी सूट घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो. नसरीन निघाली. तो दम्याचा आवाज लांब गेला, बारीक झाला, मग झाडांमागून पुन्हा वाढत आला. प्रत्येक फेरीला ती समोरून जायची तेव्हा मी वाकून पाहायचो. तिच्याकडं नाही, त्या गाडीकडं. माझी पुढची चाकं वळणात शिरताना कशी दबतात, मागचा भाग कसा एक क्षण विचार करतो आणि मग येतो. स्टिअरिंगवर दोन छोटे हातमोजे. माझ्या गुडघ्यासाठी वर सरकवलेलं स्टिअरिंग. आजूबाजूला टाळ्या, शिट्ट्या, मराठीतून शिव्यांसकट कौतुक. मी टाळी वाजवली नाही. हातात हेल्मेट होतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं.

मग ती आत आली. इंजिन बंद. नेहमीसारखी उडून बाहेर. उशी उपसून तिनं माधवच्या अंगावर फेकली, आणि मी आत घुसलो. पाठ खाली टेकली आणि साचा मला लागला. प्रत्येक खांदा आपल्या जागी, कंगव्याचे दातसुद्धा. सीट गरम होतं. माझ्या अंगाचं, पण माझ्या उबेनं नाही. पट्टे आवळले गेले. समोर मोकळा रस्ता, त्याच्यावर थरथरणारं ऊन. मी बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. नियम असा की तापलेली गाडी स्वतःच्या जोरावर सुरू झाली पाहिजे. ढकलायचं नाही, हात लावायचा नाही. ज्यांनी वर्षभर तिला हात लावला ती सगळी पोरं दोरीपलीकडं हात मागं बांधून उभी होती. मी तिला विनवलं. शिवी दिली. पुन्हा विनवलं. टक्. झेंडेवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि झेंडा खाली आणला.

“उतर मामा,” माधव म्हणाला.

मी उतरलो नाही. पुढचा रस्ता तसाच मोकळा होता आणि मी त्याच्याकडं पाहत होतो.

“उतर.”

त्या दिवशी मी किती वेळात बाहेर आलो, कुणी मोजलं नाही.

परतीच्या गाडीत वरच्या बाकावर नसरीन ती उशी डोक्याखाली घेऊन झोपली. सगळे तिला एकच विचारत होते, कशी पळाली, कशी पळाली. ती नुसती हसायची. मी विचारलं नाही. तेव्हा नाही आणि पुढंही नाही. पुढं तर तिची नोकरीच ती झाली. एका मोठ्या टेस्ट ट्रॅकवर ती दिवसभर नव्या गाड्या चालवते आणि त्यात काय चुकतंय ते सांगते. तिला गाड्या चालवायचा पगार मिळतो. मी पंपांत. आमच्या ग्रुपवर तिचे हेल्मेटवाले फोटो येतात. मी अंगठा देतो, आणि त्या दिवशी घरी कुणाशी बोलत नाही.

“सर, बसता का?”

स्टॉपवॉचवाली पोरगी होती. तिनं कोपऱ्यातून एक सीट ओढून आणलं. गाडी टांगताना वजन कमी करायला काढून ठेवलेलं, आता टीमची खुर्ची झालेलं. पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या. मी ओळखलं.

“पहिल्या टीमचं आहे, सर. लई डोकं लावलं होतं त्यांनी. इथं खाली बघा, रेघा आहेत, घाम सुकावा, हवा खेळावी म्हणून. आम्ही नव्या सीटलाही तशाच ठेवतो.”

मी नव्या गाडीत डोकावलो. खरंच होत्या. उजव्या बाजूला, नीट मापून कोरलेल्या, माझ्या कंगव्याच्या दातांएवढ्या रेघा.

“वा,” मी म्हणालो. “फार अभ्यास केलेला दिसतो.”

बसून पाहिलं. अर्धा मी आत गेलो, अर्धा बाहेर राहिला. त्या साच्यात एक सडपातळ, रुंद खांद्यांचा माणूस अजून आरामात टेकलेला होता आणि सरकून जागा द्यायला तयार नव्हता. इतकी वर्षं मी नसरीनवर खार खाल्ला, उशीवर खाल्ला. आता माझ्याच पाठीवर खायची वेळ आली.

“सर, भाषणाआधी ओळख करून देताना सांगितलं, तुम्ही त्या टीमला होता ना?” मघाचा मेलेला पोरगा हेल्मेट काढून समोर बसला होता. घामानं डबडबलेला, डोळे चमकणारे. “चालवताना कशी होती ओ ती गाडी?”

सगळी पोरं जमली. मला बोलायला सांगावं लागत नाही, हे आतापर्यंत तुमच्या ध्यानात आलं असेल. वारा, वेग, वळण, सगळं जिभेवर होतं. याहून कमी मसाल्यावर मी लोकांना तास-तास बसवून ठेवलंय. तोंड उघडलं. समोर फक्त तो मोकळा रस्ता.

“थांबा,” मी म्हणालो. “विचारून सांगतो.”

फोन लावला. तिकडं वारं आणि लांबवर कसल्यातरी इंजिनांचा आवाज.

“बोल मामा! क्या रे, इतके दिवसांनी?”

“नसरीन, त्या दिवशी,” मी म्हणालो. पोरं पुढं वाकली. “शर्यतीत. कशी चालत होती गं ती?”

मागचं इंजिन जवळ आलं, लांब गेलं.

“उजवीकडं ओढत होती,” ती म्हणाली.